भाकिते मुंबईची, कौल हदगावचा

५ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीस यांनी तिसऱ्यांदा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि त्याच सायंकाळपासून राजकीय भाकितांचा हंगाम सुरू झाला. २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या, त्यातल्या १३२ एकट्या भाजपच्या. विरोधकांच्या तिन्ही पक्षांची बेरीज ४६. एवढ्या बहुमताच्या सरकारला पहिल्या वर्षी अडचण येणार कुठून, असाच बहुतेक पंडितांचा सूर होता. शिंदे गटाची नाराजी हीच काय ती डोकेदुखी, आरक्षणाचा प्रश्न मतपेटीतच निवला, आणि आश्वासनांची पूर्तता मार्चच्या अर्थसंकल्पात होईल, असे ठोकताळे मांडले गेले. ते मांडणाऱ्यांनी पैनगंगेकाठच्या हदगाव तालुक्याकडे एकदा पाहिले असते, तर कदाचित हात थोडा आखडता घेतला असता.

हदगावच्या मतदाराने भाकिते खोटी पाडण्याचा जणू विडाच उचललेला आहे. सुभाष वानखेडे यांना सलग तीनदा विधानसभेत पाठवणाऱ्या या मतदारसंघाने २००९ नंतर कोणालाही लागोपाठ दुसरी संधी दिली नाही. २००९ साली काँग्रेसचे माधवराव पाटील जवळगावकर, २०१४ साली शिवसेनेचे नागेश पाटील आष्टीकर, २०१९ साली पुन्हा जवळगावकर. जून २०२४ मध्ये हिंगोली लोकसभा मतदारसंघात आष्टीकरांनी शिंदे गटाच्या बाबूराव कदम कोहळीकरांना एक लाखाहून अधिक मतांनी हरवले, तेव्हा कोहळीकरांचे राजकारण संपले असे मानणाऱ्यांची संख्या लहान नव्हती. साडेपाच महिन्यांत तेच कोहळीकर हदगावचे आमदार झाले.

नांदेडचा दाखला तर याहून बोलका. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले. आता जिल्हा भाजपचा, असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात लोकसभेला काँग्रेसचे वसंतराव चव्हाण निवडून आले. त्यांच्या निधनानंतरची पोटनिवडणूक विधानसभेबरोबर, एकाच दिवशी झाली. त्या दिवशी जिल्ह्यातील नऊच्या नऊ आमदार महायुतीचे निवडून आले आणि खासदार मात्र काँग्रेसचा, तोही अवघ्या १,४५७ मतांनी. एकाच मतदान केंद्रात, एकाच रांगेत उभे राहून दोन यंत्रांवर दोन वेगळी बटणे दाबणाऱ्या माणसाला लाटेचा माणूस म्हणता येत नाही. त्याने हिशेब करून मत दिले होते. सरकारचे पहिले वर्ष समजून घ्यायचे तर तो हिशेब समजून घ्यावा लागतो.

हिशेबाची पहिली ओळ निराशेची निघाली. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, त्यात नऊ आमदार देणाऱ्या नांदेडला एकही मंत्रिपद मिळाले नाही. पालकमंत्री म्हणून अतुल सावे आले, ते छत्रपती संभाजीनगरहून. शेजारच्या लातूरला निदान अहमदपूरच्या बाबासाहेब पाटलांच्या रूपाने सहकार खाते मिळाले. शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण असे दोन मुख्यमंत्री दिलेल्या जिल्ह्याला हे बोचणारच.

दुसरी ओळ सोयाबीनची. प्रचारात सहा हजारांच्या भावाचा आकडा व्यासपीठांवरून दुमदुमला होता. हमीभाव होता ४,८९२ रुपये, आणि बाजारात सौदे त्याच्याही खाली होत होते. हमीभावाच्या खरेदी केंद्रांवर बारदान्याअभावी वाहने ताटकळली. पुढील हंगामासाठी केंद्राने हमीभाव ५,३२८ रुपये केला. सहा हजारांचा आकडा भाषणातच राहिला. लाडक्या बहिणींचे २,१०० रुपयेही १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आले नाहीत. तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले, पण दरमहाची रक्कम दीड हजारच राहिली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी शेतकऱ्यांना पीककर्ज वेळेत भरण्यास सांगितले, तेव्हा जाहीरनाम्यातील कर्जमाफीचे काय, हे ज्याला कळायचे त्याला कळले. अर्थसंकल्पातील तूट पाहणाऱ्याला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. आश्चर्य एवढेच, की भाकिते करणाऱ्यांनी ती पाहिली नाही.

निवडणुकीपूर्वी शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध कोल्हापुरात असंतोष उसळला तेव्हा सरकारने तेथील भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली होती, आणि हा प्रकल्प बासनात गेल्याचे सांगितले जात होते. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी २० हजार कोटींच्या तरतुदीस मान्यता दिली. नांदेड जिल्ह्यात हदगाव आणि अर्धापूर या बागायती पट्ट्यातून जाणारा हा रस्ता म्हणजे ऊस, केळी आणि हळदीची जमीन. इसापूर धरणाच्या पाण्यावर दोन पिढ्यांनी जी शेती उभी केली, तिचा मोबदला रेडीरेकनरच्या कोष्टकात बसवणे सोपे नाही. या तालुक्याने वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेची वाटही २००८ पासून पाहिली आहे. रेल्वे येत नाही आणि न मागितलेला महामार्ग मात्र धावत येतो, हा येथील कडवट विनोद आहे.

आरक्षणाबाबतचे भाकीत सर्वांत चुकले. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी मनोज जरांगे यांनी निवडणुकीतून माघार घेतली, तेव्हा आंदोलनाची धार बोथट झाल्याचे निदान झाले. २९ ऑगस्ट २०२५ रोजी ते आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि २ सप्टेंबरला सरकारला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय काढावा लागला. हदगाव हा जुन्या निजामी राज्याचा मुलूख, म्हणून हा कागद येथे थेट घरात शिरतो. त्याचा पुढचा परिणाम मात्र कोणीच वर्तवला नव्हता. त्याच गॅझेटाचा आधार घेऊन बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी पुढे रेटली. शेजारच्या तेलंगणात हा समाज अनुसूचित जमातींत आहेच. त्याविरुद्ध आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्या. हदगाव, हिमायतनगर, किनवट या पट्ट्यात तांडा आणि आदिवासी पाडा एकाच बाजारपेठेत भेटतात. मुंबईत एक प्रश्न मिटवताना येथे दुसरा उभा राहिला.

आणि मग पाऊस. ऑगस्ट–सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील खरीप पाण्याखाली घातले, कित्येक ठिकाणी जमिनीही खरवडून गेल्या. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. तरीही कर्जमाफीचा विषय मिटला नाही. उलट बच्चू कडू यांच्या नागपुरातील आंदोलनानंतर सरकारला ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे कबूल करावे लागले. एवढा मोठा बहुमताचा पाऊस पडला म्हणून हर्षभरित झालेल्यांना खऱ्या पावसाने वर्ष संपण्यापूर्वी जमिनीवर आणले, असे म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे होईल. पण कर्जमाफीची तारीख ठरली ती बहुमतामुळे नव्हे, चिखलामुळे, एवढे खरे.

आघाडीतील नाराजीमुळे सरकार डळमळेल, हे भाकीतही फसलेच. कुरबुरी झाल्या, पालकमंत्रिपदांवरून रुसवेफुगवे झाले, मार्चमध्ये धनंजय मुंडे यांचा राजीनामा झाला. सरकार हलले नाही. विरोधकांकडून काही होण्याची अपेक्षाच नव्हती.

राहता राहिल्या स्थानिक स्वराज्य संस्था. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. ती मुदत पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. बहुतांश नगरपालिकांचे मतदान २ डिसेंबरला झाले आणि मोजणी न्यायालयाच्या आदेशाने २१ डिसेंबरपर्यंत लांबली. यंत्रे गोदामात आणि उमेदवार घरात, असे तीन आठवडे गेले. नांदेड जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ पासून प्रशासक आहे. रस्ता, शाळेची गळती, तांड्यावरची पाण्याची टाकी यांविषयी ज्या सदस्याकडे जायचे, त्या जागेसाठी वर्ष सरले तरी मतदान झाले नव्हते.