शंभर डॉलरचा खेळाडू

अमेरिकेच्या ओहायो राज्यात कँटन नावाचे पोलाद कारखान्यांचे शहर आहे. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधील थोर खेळाडूंच्या गौरवासाठी तेथे एक भवन बांधले गेले व १९६३ साली ते उघडले. त्याच्या बांधकामावर राबणाऱ्यांत त्याच शहरातला एक उंचापुरा कृष्णवर्णीय मुलगा होता. पंचवीस वर्षांनी, १९८८ साली, त्याच भवनात त्या मुलाचा पुतळा बसला. त्याचे नाव ॲलन पेज. परंतु आज आम्ही वाचकांना त्यांची ओळख करून देत आहोत ती केवळ पुतळ्यासाठी नव्हे. पुतळ्याहून मोठे काम त्यांनी मैदानाबाहेर केले.

पेज यांचा जन्म ७ ऑगस्ट १९४५ चा. आईवडील फार शिकलेले नव्हते, पण मुलांनी शिकलेच पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. ॲलन तेरा वर्षांचा असताना आई वारली. कँटनमधल्या पोरांपुढे मोठेपणी पोलाद कारखान्याची भट्टी हीच वाट ठरलेली असे. ॲलनला ती वाट नको होती. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा तो नऊ वर्षांचाही झाला नव्हता. पण कायद्यात माणसाचे आयुष्य बदलण्याची ताकद आहे, हे त्याच्या मनाने तेव्हाच घेतले. वकील व्हायचे हे स्वप्न आधीचे, चेंडू नंतर आला.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात, दोन्ही बाजूंना अकरा गडी असतात आणि धडक जबरदस्त असते. पेज बचावाच्या पहिल्या फळीत उभे राहत. समोरचे दांडगे गडी फोडून आत शिरायचे आणि चेंडूवाल्याला जमिनीवर आणायचे, हे त्यांचे काम. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याचे नाव होते आणि पकड करणारा मागे राहतो, तसेच तेथेही आहे. वाहवा होते ती गुण मिळवणाऱ्यांची. तरीही १९७१ साली त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा मान पेज यांना मिळाला. बचावातल्या खेळाडूला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर तो दुसऱ्या बचावपटूला मिळायला १९८६ साल उजाडले.

१९६७ साली नोत्र दाम विद्यापीठाची पदवी घेऊन ते मिनेसोटा वायकिंग्ज या संघात आले. या संघाने चार वेळा अंतिम सामना गाठला आणि चारही वेळा तो हरला. पेज मात्र एकही सामना न चुकवता खेळत राहिले. त्यांच्या सलग सामन्यांची संख्या २१८ भरते. करंगळी खेळताना इतक्या वेळा निखळली की ती कायमची काटकोनात वाकली.

याच काळात एक गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. संघाच्या डावपेचांचे एक जाडजूड पुस्तक असते. ते वाचून दाखवण्याची वेळ आली तेव्हा काही सहकाऱ्यांना वाचताच येईना. ही माणसे शाळेतून, कॉलेजातून पुढे आलेली होती! खेळ चांगला म्हणून कोणी त्यांना अडवले नव्हते, आणि कोणी शिकवलेही नव्हते. अंगात बळ आहे तोवर टाळ्या. पुढे काय?

पेज यांनी स्वतःपुरते या प्रश्नाचे उत्तर शोधले. खेळाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी एकदा कायद्याच्या वर्गात नाव घातले होते, पण काही आठवड्यांतच ते सोडून दिले. ही हार त्यांनी कधी लपवली नाही. १९७५ साली त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात पुन्हा प्रवेश घेतला. एकीकडे मैदान, एकीकडे अभ्यास. १९७८ साली ते कायद्याचे पदवीधर झाले.

आणि त्याच वर्षी वायकिंग्जने त्यांना भर हंगामात काढून टाकले. लांब पल्ल्याचे पळणे सुरू केल्याने त्यांचे वजन उतरले होते, आता हा गडी आमच्या उपयोगाचा नाही, असे प्रशिक्षकाचे मत पडले. असा सोडलेला खेळाडू उचलायला नियमाप्रमाणे दुसऱ्या संघाला भरावे लागत फक्त १०० डॉलर. ते भरून शिकागो बेअर्सने त्यांना घेतले. कधीकाळी देशातला सर्वोत्तम ठरलेल्या माणसाची ही बाजारातली किंमत! पण शंभर डॉलरच्या या खेळाडूच्या खिशात कायद्याची पदवी होती, तिची किंमत कोणा प्रशिक्षकाला कमी करता येत नव्हती. १९७९ साली त्यांनी मॅरेथॉनही पूर्ण केली. लीगमध्ये खेळत असताना असे करणारे ते पहिलेच. १९८१ च्या हंगामानंतर त्यांनी खेळ थांबवला.

पुढे त्यांनी वकिली केली, राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कचेरीत काम केले. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जनतेच्या मतांनी निवडले जातात. १९९२ साली एका न्यायमूर्तीची मुदत वाढवून निवडणूक टाळण्यात आली, तेव्हा पेज त्याविरुद्ध कोर्टात गेले, जिंकले आणि मग निवडणूकही जिंकले. त्या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. सत्तर वर्षे पूर्ण होईपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, ते त्या आसनावर होते.

१९८८ साली कँटनच्या भवनात गौरव झाला तेव्हा आपली ओळख करून देण्यासाठी त्यांनी एखादा प्रशिक्षक बोलावला नाही. मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका विलारीन बिझली यांना बोलावले. भाषणही केले ते शिक्षणावर. त्याच वर्षी पत्नी डायन यांच्यासह त्यांनी शिष्यवृत्तीची संस्था काढली. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतील मुलांना कॉलेजसाठी मदत द्यायची, पण एक अट घालून: पैसे घेणाऱ्याने आपल्याहून लहान मुलांना अभ्यासात मदत करायची. आम्हांला ही अट शिष्यवृत्तीहूनही मोलाची वाटते. घेणारा त्याच दिवशी देणाराही होतो, त्याची मान खाली जात नाही.

मिनियापोलिसमध्ये अलेक्झांडर रॅम्सी यांच्या नावाची एक शाळा होती. १८६२ साली डकोटा आदिवासींना संपवा किंवा राज्याबाहेर घालवा, असे म्हणणारे हे गव्हर्नर. शाळेतल्या मुलांनी नाव बदलण्याचा आग्रह धरला आणि २०१७ साली शाळेला न्यायमूर्ती पेज यांचे नाव लागले. शिक्षिका असलेल्या कन्या केमी यांच्याबरोबर पेज यांनी मुलांसाठी पुस्तकेही लिहिली. त्यातले २०१३ चे पहिले पुस्तक त्या वाकड्या करंगळीवरच आहे.

आमच्या माताभगिनींना आणि बंधूंना एवढेच सांगणे आहे. पोरगा सामना जिंकून, ढाल घेऊन घरी आला तर त्याचे तोंड भरून कौतुक करा. खेळ वाईट नाही, पेज यांच्या शिक्षणाची वाटही खेळातूनच गेली. पण त्या रात्री जेवणानंतर त्याच्या हाती त्याचेच पाठ्यपुस्तक द्या आणि एक पान मोठ्याने वाचायला सांगा. अडखळला तर रागावू नका. उद्या पुन्हा वाचायला बसवा. शेजारी धाकटी बहीण असेल तर तिला समजावून सांगण्याचे काम त्याच्यावरच सोपवा.