अंगणवाडी जळाली, जागा जळाली नाही



आपल्या भागातल्या एका पाड्यावरची अंगणवाडी या चैत्रात जळून खाक झाली. गवताचं छप्पर, कारवीचा कूड, लाकडाच्या मेढी, सगळं बघता बघता गेलं. खिचडी खाऊन पोरं घरी गेली होती, म्हणून एकाही लेकराला चटका बसला नाही. एवढीच काय ती समाधानाची गोष्ट. बाकी वजनकाटा, सतरंज्या, खेळणी, भिंतीवरचे तक्ते, हजेरीची आणि वजनाची रजिस्टरं यांची राख झाली.

आग चुलीतून लागली. चूल कुडाला लागून होती, कारण स्वयंपाकाला दुसरी जागाच नव्हती. वेगळं स्वयंपाकघर द्या, असा अर्ज पाड्याने दोन वेळा केला होता. उत्तर आलं नाही. आग कोणीतरी मुद्दाम लावली अशी कुजबुज काही पाड्यांवर चालू आहे. आम्ही तिथे गेलो, बायांशी बोललो, जागा पाहिली. तसा काही पुरावा नाही. पुरावा नसताना कोणाचं नाव घ्यायचं नाही. आपली लढाई खऱ्यावर उभी आहे, अफवेवर नाही.

पण आगीनंतर जे चाललंय त्यावर बोललंच पाहिजे. पंचनामा झाला आणि पाड्याला दोन गोष्टी ऐकवल्या गेल्या. कार्यालयाकडून सांगितलं, पोरांची नावं खालच्या गावातल्या अंगणवाडीत घालून टाका. जंगलखात्याच्या माणसाने सांगितलं, ही जागा जंगलाची आहे, इथे परत काही बांधायचं नाही. दोन तोंडं, पण बात एकच. पाड्यावरची अंगणवाडी गेली ती गेली.

खालचं गाव उतारावरून तासाभराच्या वाटेवर आहे, मध्ये ओहोळ आहे. मृग लागला की ओहोळ भरतो. तीन वर्षांचं पोर तो ओलांडणार कसं? आई रोवणीला जाईल की पोराला खांद्यावर घेऊन ओहोळ उतरेल? म्हणजे नाव रजिस्टरात राहील, खिचडीचा हिशोब लिहिला जाईल आणि पोर घरी उपाशी बसेल. आपल्या भागात कुपोषणाने किती लेकरं गेली, ते कोणाला नव्याने सांगायची गरज नाही. पावसाळ्याचे महिने म्हणजे घरातला दाणा संपण्याचे महिने. नेमकं तेव्हाच अंगणवाडी बंद, हे चालायचं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सांगितलं आहे की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. लहान पाड्यांसाठी मिनी अंगणवाडी आहे. नवी अंगणवाडी जर हक्काने मागता येते, तर चालू असलेली जळाली म्हणून काढून कशी घेता येईल?

आता कोणी म्हणेल, गवताच्या झोपडीत पोरं बसवणं धोक्याचं, म्हणूनच ती बंद करताहेत. धोका खराच आहे. तामिळनाडूतल्या कुंभकोणम गावात १६ जुलै २००४ ला एका खाजगी शाळेत आग लागली. दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरात ठिणगी उडाली, झापाच्या छपराने पेट घेतला. वर्ग वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. ९४ लेकरं जळून मेली. चूल आणि वाळकं छप्पर जवळ जवळ, बाहेर पडायची वाट एकच. आपल्या पाड्यावरही हेच होतं. फरक एवढाच की आपली पोरं तेव्हा घरी होती.

त्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयात खटला चालला. १३ एप्रिल २००९ ला निकाल आला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो, असं न्यायालयाने सांगितलं. नीट समजून घ्या. न्यायालय असं म्हणालं नाही की गरिबाची शाळा गवताची आहे म्हणून मोडून टाका. शाळा सुरक्षित करणं ही सरकारची जबाबदारी आहे. धोका दाखवून अंगणवाडी हलवणं म्हणजे घर गळतं म्हणून माणसालाच बाहेर काढणं.

राहिला जागेचा प्रश्न. यासाठी वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) प्रत्येक पाड्याला पाठ पाहिजे. या कलमात शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान, रस्ता, पाणी अशा सरकारने चालवायच्या सोयींसाठी जंगल जमीन देता येते असं स्पष्ट लिहिलं आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात काहीही असलं तरी देता येते. अटी तीन: जमीन एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. आपल्याला तर चार-पाच गुंठे हवेत आणि एकही झाड तोडायचं नाही. संबंधित खात्याने अर्ज करायचा, ग्रामसभेने ठराव द्यायचा, रेंजरने जागा पाहायची, उपवनसंरक्षकाने मंजुरी द्यायची. त्याला पटलं नाही तर प्रकरण कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीपुढे जातं. दिल्लीला जावं लागत नाही. ‘जंगलाची जागा आहे’ हे वाक्य म्हणजे शेवटचा शब्द नाही. तिथून कागद सुरू होतो.

आणखी एक गोष्ट. घर, झोपडी, जमिनीवर केलेली कामं हे वनहक्काच्या दाव्यात पुरावा धरले जातात. ही अंगणवाडी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तिथे आहे. जोतं मोकळं पडलं, पावसात खड्डे खणून रोपं लावली गेली, की पुढच्या वर्षी कोण म्हणेल इथे पोरं शिकत होती? म्हणून पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब आताच लिहून घ्या. अंगणवाडी कधी सुरू झाली, पहिली पोरं कोणती, मेढी कोणी आणल्या, सगळं लिहा. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही नियमांप्रमाणे पुरावा आहे. जळक्या जागेचे फोटो काढा, पंचनाम्याची नक्कल मागून घ्या.

आता अंगणवाडी बांधायची तर कशी? पाड्यावर बैठक झाली तेव्हा दोन मतं निघाली. काही जुनी माणसं म्हणाली, कारवी आणि गवत ही आपली रीत, तेच परत करू, आठ दिवसांत उभं राहील. काही तरुण म्हणाले, आता स्लॅबच पाहिजे, सरकारी नकाशा आहे तसा. आमचं म्हणणं, दोन्हीकडची बरोबर गोष्ट घ्या.

स्लॅबची बंद खोली वैशाखात तापते. पत्र्याखाली पाऊस वाजतो तेव्हा ताईचा आवाज पोरांना ऐकू येत नाही. आपल्या कुडाच्या घरात गारवा असतो, हे खरं. पण उघड्या कारवीला आग धरायला वेळ लागत नाही. म्हणून जोतं दगडाचं करा. भिंत खाली कमरेपर्यंत दगड-विटांची, वर कारवी, पण आतून-बाहेरून मातीने जाड लिंपलेली. छप्पर कौलांचं. माळ्यावर पेंढा, लाकूडफाटा काही ठेवायचं नाही. चूल वेगळ्या खोपीत, मुख्य घरापासून निदान वीस पावलं लांब, आणि उन्हाळ्यात वारा जिकडून येतो त्याच्या उलट बाजूला. दारं दोन, समोरासमोरच्या भिंतींना, बाहेर उघडणारी. उंबरठा नको, पोरं पळताना अडखळतात. दाराजवळ पाण्याचा पिंप आणि वाळूच्या बादल्या कायम भरलेल्या. राब भाजायच्या आधी दर वर्षी अंगणाभोवती गवत काढून जाळरेषा करायची. जंगलाला जाळरेषा लागते, तशी पोरांच्या घरालाही लागते.

आणि ते घर पोरांच्या मापाचं पाहिजे. खिडकी पोराच्या डोळ्याच्या उंचीला, म्हणजे बसल्या बसल्या त्याला झाड दिसेल. भिंतीचा खालचा पट्टा काळा रंगवा, खडूने रेघोट्या मारायला. पायरी बुटकी. पुढे ऐसपैस पडवी, कारण लहान पोर दिवसभर चार भिंतीत बसत नाही. संडास लहान मापाचा आणि पाणी जवळ.

यात नवलाचं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये काम केलं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. बिया, पानं, शंख-शिंपले, माती यातूनच शिकायचं सामान केलं. अंगणवाडी ही अशी आपल्याच डोंगरात, आपल्याच अंगणात वाढलेली गोष्ट आहे. तिचं अंगण काढून तिला ओहोळापलीकडे नेऊन ठेवणं म्हणजे तिचा अर्थच काढून घेणं.

म्हणून पाड्यावर एक काम करा. जुन्या जोत्यावर सगळे जमा. बाया, सेविकाताई, मदतनीस आणि पोरंसुद्धा. राखेने जमिनीवर आखणी करा. इथे दार, इथे चूल, इथे पाणी. पोरांना त्यात फिरू द्या, कुठून पळतात, कुठे बसतात ते बघा. बायांचं ऐका, कारण चूल कुठे हवी ते त्यांनाच कळतं. मग ती आखणी कागदावर उतरवा आणि ठरावाला जोडा. इंजिनियर येईल तेव्हा त्याला आपला नकाशा दाखवा. मजबुतीचं त्याचं ज्ञान घ्या, पण पोरं आपली आहेत.

ग्रामसभा पाड्याची घ्या. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे निम्मे लोक हजर पाहिजेत आणि हजर असणाऱ्यांत निदान एक तृतीयांश बाया. ठरावात या गोष्टी असू द्या:

१. अंगणवाडी त्याच जागेवर राहील. मुलांची नावं दुसऱ्या केंद्रात हलवण्याला ग्रामसभेची संमती नाही.

२. कलम ३(२) प्रमाणे जागेची शिफारस ग्रामसभा करीत आहे. एकही झाड तोडलं जाणार नाही.

३. इमारत जोडलेल्या नकाशाप्रमाणे, वेगळ्या स्वयंपाकघरासह व्हावी. रोजगार हमीतून अंगणवाडीची इमारत घेता येते, मजुरी पाड्यालाच मिळावी.

४. इमारत होईपर्यंत त्याच जागी मांडव घालून आहार, वजन आणि लसीकरण एक दिवसही बंद राहणार नाही. जळालेली रजिस्टरं आणि वजनकाटा कार्यालयाने लगेच द्यावा.

ठरावाच्या तीन नकला करा. एक प्रकल्प कार्यालयाला, एक वनखात्याला, एक पाड्यावर. पोचपावती घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही.

मांडवासाठी शेजारच्या पाड्यांनी हात लावावा. कोणी बांबू द्या, कोणी दोन दिवसांची मजुरी. कौलांसाठी घरटी मूठभर जमवायचं ठरलं आहे, त्याचा हिशोब पुढच्या अंकात छापू. बाकी पाड्यांनीही आपापल्या अंगणवाडीची चूल आजच बघा. कुडाला लागून असेल तर उद्याच बाहेर काढा, सरकारी कागदाची वाट बघू नका. हक्काचं सरकारकडून भांडून घ्यायचं, आणि लेकरांचा जीव आपल्या हाताने जपायचा. दोन्ही कामं आपलीच.

मृगाला फार दिवस नाहीत. पहिल्या पावसाआधी मांडव उभा राहिला पाहिजे.

जोहार! जिंदाबाद!