नाव पुकारलं, पण हात कोणी वर केला नाही

बुटीबोरीहून नागपूरला निघालं की वर्धा रोडवर जामठ्याचं स्टेडियम लागतं. बसच्या खिडकीतून ते पाहिलं नाही असा बुटीबोरीचा मुलगा सापडायचा नाही. नागपूर ओलांडून पार पलीकडे, खापरखेड्याजवळ, वलनी ही कोळसा खाणीची वसाहत आहे. आजची गोष्ट तिथल्या उमेश यादवची. तुम्ही म्हणाल, उमेश आम्हाला ठाऊक आहे! त्याच्या विकेट ठाऊक असतील हो. पण त्याला किती जणांनी ‘नको’ म्हटलं, ते ठाऊक आहे?

वडील तिलक यादव वेकोलिच्या खाणीत कामगार. पोराला सरकारी नोकरी लागावी, एवढंच त्यांचं मागणं. उमेशनं सैन्यात जाऊन पाहिलं, जमलं नाही. पोलीस शिपाई व्हायला गेला, तेही हुकलं. मग कॉलेजच्या क्रिकेट संघाकडे वळला, तर तिथेही दार बंद, कारण तो कुठल्याच क्लबकडून खेळलेला नव्हता. क्लब कुठून असणार? तोवरचं सगळं क्रिकेट टेनिस बॉलचं!

२००७ मध्ये तो विदर्भ जिमखान्यात गेला आणि लेदर बॉल हातात आला. वय? विशीला टेकलेलं. (आईबाबा, सहाव्या वर्षी मुलाला कोचिंगला घातलं नाही म्हणून हळहळत असाल तर हे वाक्य पुन्हा वाचा.) विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी त्याचा वेग हेरला आणि पाठीशी उभे राहिले. नोव्हेंबर २००८ मध्ये मध्य प्रदेशाविरुद्ध पहिला रणजी सामना. त्या मोसमात ४ सामन्यांत २० बळी. २०१० मध्ये एकदिवसीय संघात आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला कसोटी संघात. विदर्भाकडून खेळून भारताचा कसोटीपटू झालेला हा पहिलाच.

आता जरा अमेरिकेत जाऊन येऊ. तिथल्या फुटबॉलमध्ये (तो आपला फुटबॉल नव्हे, अंडाकृती चेंडू हातात धरून पळायचा) दरवर्षी संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात. २००४ मध्ये जेसन पीटर्सचं नाव कोणीच घेतलं नाही. बफेलोच्या संघानं त्याला नंतर असंच घेतलं. पुढे तो ‘लाइनमन’ झाला. म्हणजे काय, तर चेंडू फेकणाऱ्या आपल्या गड्यापुढे भिंतीसारखं उभं राहायचं आणि अंगावर येणाऱ्यांना थोपवायचं. चेंडूला सहसा हातही लागत नाही, मग टाळ्या कुठल्या! तरी असं काम करून तो ९ वेळा निवडक खेळाडूंच्या ‘प्रो बोल’साठी निवडला गेला.

आपल्याकडे कसोटीत वेगवान गोलंदाजाचं काम बरंचसं असंच. खेळपट्टी फिरकीला साथ देणारी, विकेट फिरकीवाल्यांच्या. वेगवानाला मिळतो तो जुना, घासलेला चेंडू. उमेशनं त्याच चेंडूचं सोनं केलं. एक बाजू खरखरीत होऊ द्यायची, दुसरी घासून चकचकीत ठेवायची. नवा चेंडू हवेत सहसा चकचकीत बाजूपासून दूर वळतो. जुना चेंडू जोरात टाकला तर उलटा, चकचकीत बाजूकडेच! हाच रिव्हर्स स्विंग. २०१८ मध्ये हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध त्यानं एका कसोटीत १० बळी घेतले. एकूण ५७ कसोटींत १७०, त्यातले शंभरावर मायदेशातले.

वडिलांचं मागणंही पुरं झालं बरं का! २०१७ मध्ये नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत त्याला साहेबाची नोकरी मिळाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये वडील गेले. काही दिवसांतच तो इंदूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला आणि १२ धावांत ३ बळी घेतले.

आणि ‘नको’ संपलं का? छे! २०२२ च्या आयपीएल लिलावात नाव पुकारलं, तर कोणी बोलीच लावली नाही. पुन्हा पुकारल्यावर शेवटी कोलकात्यानं २ कोटींच्या मूळ किमतीत घेतलं. त्यानं त्या मोसमात १६ बळी घेतले. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात पुन्हा तेच, आणि या वेळी कोणीच घेतलं नाही. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता.

येत्या रविवारी एक करा. टेनिस बॉलच्या अर्ध्या भागावर इलेक्ट्रिकची टेप घट्ट चिकटवा, चिकटवलेली बाजू फलंदाजाच्या उजवीकडे ठेवून टाका. मग उलटी धरून टाका. चेंडू कुठे वळला ते वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. काचा सांभाळून!