खुबा निखळलाय, घड्याळ सुरू झालंय

रात्रीची वेळ, समोर मागचा लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली, आणि गाडी तिच्यावर जाऊन आदळते. पुढच्या सीटवरच्या माणसाचा गुडघा डॅशबोर्डवर बसतो. माणूस शुद्धीवर असतो, बोलत असतो, रक्तही फारसं नसतं. फक्त एका पायाला हात लावू देत नाही. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "मुका मार दिसतोय, पाय जरा सरळ करा." हे आवाहन त्या जमलेल्यांसाठी आहे. पाय सरळ करू नका.

गुडघ्यावरचा धक्का मांडीच्या हाडातून थेट खुब्यात पोचतो. या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि कमरेच्या हाडातल्या खोल वाटीत घट्ट बसलेलं असतं. ते सहजासहजी निखळत नाही. निखळलं म्हणजे मार जबर होता. दहांपैकी नऊ वेळा गोळा मागच्या बाजूला निसटतो. निसटताना वाटीच्या काठावर आपटून कधीकधी गोळ्याचाच टवका उडतो. म्हणजे एकाच वेळी दोन संकटं: सांधा निखळलेला आणि गोळा फुटलेला.

अशा वेळी पाय बहुधा ठरावीक पद्धतीनं पडलेला दिसतो. तो दुसऱ्यापेक्षा आखूड वाटतो, गुडघा वाकून दुसऱ्या मांडीकडे झुकलेला असतो आणि पाऊल आत वळलेलं असतं. म्हाताऱ्या माणसाचा घरात पडून खुबा मोडतो तेव्हा पाऊल बाहेरच्या बाजूला पडतं; इथे उलटं. मांडीचं हाडही मोडलं असेल तर मात्र ही खूण दिसेनाशी होते. मग सगळ्यांचं लक्ष त्या मोडलेल्या मांडीकडे किंवा फुटलेल्या गुडघ्याच्या वाटीकडे जातं आणि खुबा राहून जातो. म्हणून नातेवाईकांनो, गुडघ्यावर मार असेल तर दवाखान्यात एक प्रश्न नक्की विचारा: "खुब्याचा एक्स-रे काढला का?" डॉक्टरांना राग येणार नाही. आलाच तर येऊ द्या.

घाई कशासाठी, तेही ऐका. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या गोळ्याखालच्या हाडाच्या मानेला चिकटून वर जातात. गोळा वाटीबाहेर असतो तितका वेळ त्या ताणलेल्या, पिळवटलेल्या असतात. सांधा शक्यतो ६ तासांच्या आत जागेवर बसवावा, असं आम्ही हाडांचे डॉक्टर मानतो. जितका उशीर, तितकी गोळा सुकण्याची भीती जास्त. 'बॉल सुकला' हे शब्द ऐकणारा रुग्ण बहुतेकदा तरुण, घर चालवणारा असतो. त्याच्यापुढे मग ऐन तिशीत कृत्रिम सांध्याचा प्रश्न उभा राहतो, आणि असा सांधा जन्मभर पुरेलच याची खात्री नसते. मागेच सायटिकाची जाडजूड नस असते, तीही दाबली जाते. पाऊल वर उचलता येत नसेल, पायावर बधिरपणा असेल तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

हे ६ तास कुठे जातात? एक तास 'चहा द्या, बरं वाटेल' यात. चहा, पाणी, काहीच देऊ नका. सांधा बसवायला भूल लागते आणि भरलेलं पोट भुलेला धोक्याचं. पुढचे दोन तास जवळच्या लहान दवाखान्यात, जिथे एक्स-रे आहे पण भूलतज्ज्ञ नाहीत. उरलेले हाडवैद्याकडे. त्यांची मी चेष्टा करत नाही. मुरगळलेला हात त्यांच्याकडे घेऊन जाणारी घरं मला माहीत आहेत. पण इथे गोष्ट वेगळी आहे. मांडीचे स्नायू इतके ताकदवान असतात की भुलेनं ते सैल पडल्याशिवाय ओढाताण म्हणजे नुसता छळ. आणि आत आणखी काय मोडलंय हे हातांना कळत नाही. अमेरिकन शल्यविशारद गॅरेट पिपकिन यांनी १९५७ साली गोळा फुटण्याच्या या दुखापतीचे चार प्रकार मांडले, आजही वॉर्डात 'पिपकिन किती?' असंच विचारतात. तुम्ही तिसरा लक्षात ठेवला तरी पुरे: त्यात गोळ्याबरोबर हाडाची मानही मोडलेली असते. तिथे झटका दिला तर गोळ्याशी उरलेला रक्ताचा धागाही तुटू शकतो. एक्स-रे पाहिल्याशिवाय आम्हीसुद्धा पाय ओढत नाही.

तेव्हा १०८ला फोन करा. शब्द हेच वापरा: "खुबा निखळल्यासारखा दिसतोय. हाडांचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघं असतील तिथे न्या." रिक्षात बसवून, कोंबून नेऊ नका. पाय ज्या स्थितीत पडलाय त्याच स्थितीत, गुडघ्याखाली घडी घातलेली चादर सरकवून, स्ट्रेचरवर किंवा फळीवर झोपवा. पोलिसांच्या लचांडाची भीती असेल तर तीही सोडा: मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, आणि नाव सांगण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. पैशांसाठीही थांबू नका. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची २०२५ पासून योजना आहे. नेमून दिलेल्या रुग्णालयात पहिल्या ७ दिवसांत दीड लाखांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. दाखल करतानाच विचारा.

सांधा बसला की नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात आणि सीटी स्कॅन सांगितला की कपाळाला आठ्या पडतात. "बसला ना, मग आता काय?" टवका कुठला आहे, ते पाहायचं असतं. भार न येणाऱ्या खालच्या भागातला, नीट जागेवर बसलेला तुकडा ऑपरेशनशिवायही जुळू शकतो. भार पेलणाऱ्या भागातला सरकलेला तुकडा स्क्रूनं बसवावा लागतो. सांध्यात अडकलेला चुरा काढावाच लागतो, नाहीतर तो खडा चपलेत राहिल्यासारखा सांधा झिजवत राहतो. मात्र सीटीची सोय नाही म्हणून सांधा बसवणं लांबवायचं नसतं.

आणि घरी गेल्यावर? काठी कधी सोडायची ते डॉक्टर ठरवतील, शेजारी नव्हे. गोळा सुकण्याची चाहूल दोन वर्षांतही लागू शकते, तीही नुसत्या जांघेतल्या दुखण्यानं, म्हणून बरं वाटतंय तरी दिलेल्या तारखांना या.

गाडीत पुढे बसणाऱ्यांनो, पट्टा लावा. पाय डॅशबोर्डवर टाकून झोपणाऱ्यांनो, ते पाय आजच खाली घ्या. ट्रॉलीवाल्या दादांनो, मागे लाल रिफ्लेक्टर लावा. आणि उद्या रस्त्यात कुणी तसा पडलेला दिसलाच, तर आणखी एक काम करा: अपघात किती वाजता झाला ते चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात ठेवा. आम्ही सर्वांत आधी तेच विचारतो, आणि नेमकं तेच सांगायला बहुतेकदा कुणी नसतं.