चार अक्षरांची बाई



केंद्रावर आलेल्या बायका नंबर लागेपर्यंत बाकावर वर्तमानपत्र चाळत बसतात. परवा तिघी मिळून शब्दकोडे सोडवत होत्या. आडवा शब्द : ‘पतीने त्याग केलेली, चार अक्षरी’. एक पटकन म्हणाली, “टाकलेली! लिही.” अक्षरे चारच, पण उभ्या शब्दांशी जुळेनात. दुसरी म्हणाली, “निराधार.” तीही चारच. अखेर चौकटीत बसला ‘परित्यक्ता’. तिघी हसल्या. तिघीही वर्षानुवर्षे माहेरी राहणाऱ्या.

केर टाकतात, शिळे टाकतात, फुटकी बादली टाकून देतात. त्याच क्रियापदात आपण जिवंत बाई बसवतो. संस्कृत शब्दाने ते ऐकायला बरे वाटते, इतकेच. पण टाकणाऱ्याला काय म्हणायचे? त्याच्यासाठी भाषेत शब्द नाही, म्हणून कोड्यातही तो कोणी विचारत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या विभक्त स्त्रियांची संख्या घटस्फोटित स्त्रियांच्या दुपटीहून अधिक होती. म्हणजे कागदावर लग्न शाबूत, आणि बाई घराबाहेर.

कायद्याचे व्याकरण मात्र वेगळे आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले, ते ऐपत असूनही बायकोला पोसण्यात हयगय करणाऱ्या माणसाविषयी बोलते. तिथे कर्ता तो आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरोधी कायदा (२००५) तर घर कोणाच्या नावावर आहे हे न पाहता तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. टाकून द्यायला ती वस्तू नाही, हेच तो सांगतो.

आणि आपण? आपल्याच अर्जांत ‘अर्जदार ही नवऱ्याने टाकलेली असून’ असे सर्रास लिहिले जाते. त्याऐवजी लिहू या : अमुक तारखेला त्याने घराबाहेर काढले, अमुक महिन्यापासून खर्चाला पैसे दिले नाहीत, त्याची कमाई इतकी. न्यायालयाला लागते ते हेच. शिवाय पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. ‘तो नेईल परत’ म्हणत अर्ज लांबवला, तर तेवढ्या महिन्यांचे पैसे हातचे जातात.

त्या तिघींपैकी दोघींनी अजून अर्ज केलेला नव्हता. त्या दिवशी शब्दकोडे बाजूला ठेवून आम्ही तारखा लिहायला बसलो.