गुडघ्यांना रजा नको

संपादक महोदय,

‘साठीनंतर गुडघ्यांना विश्रांती द्या’ हा गेल्या अंकातील लेखाचा सल्ला उलटा आहे. 2017 सालच्या एका आढाव्यात गुडघ्या-खुब्याची झीज हौशी धावपटूंत 3.5 टक्के, तर बैठ्या लोकांत 10.2 टक्के आढळली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेची सांध्यांच्या झिजेवरची 2022 ची मार्गदर्शिका व्यायामाला अग्रक्रम देते. लेखात सुचवलेले ग्लुकोसामाइन हे पूरक मात्र देऊ नका म्हणते.

जिना टाळा, म्हणे! दिल्लीच्या द्वारकेत विकास प्राधिकरणाच्या (डीडीए) बिनलिफ्टच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने मग भाजी टोपलीने वर ओढायची का? कठडा धरावा, चढताना बरा पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. खुर्चीत बसून पाय सरळ उचलण्याने मांडीचे स्नायू बळकट होतात, या व्यायामाचा लेखात उल्लेखही नाही. किलोभर वजन घटले तर गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी कमी होतो.

सूज उतरत नसेल किंवा गुडघा अडकत असेल तर डॉक्टरांकडे जावे, एवढेच मान्य. आणि माजी पंतप्रधान वाजपेयींचे गुडघे, लेखात म्हटल्याप्रमाणे दिल्लीत नव्हे, 2000 आणि 2001 साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले गेले. सांधा बदलल्यावरही रुग्णाला लगेच चालवतातच.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, द्वारका, नवी दिल्ली