आधी श्रवण, मग सेवन

शास्त्रवाचने संपल्यावर मिस्सेस यावयाचे आणि ख्रिस्तशरीर घेण्यास मात्र पुढे व्हावयाचे, ही रीत योग्य नव्हे. नांगरटीवाचून पेरणी व्यर्थ जाते, हे घाटनांदूरच्या शेतकऱ्याच्या मुलास सांगणे नलगे. पवित्र शास्त्राचे श्रवण ही अंतःकरणाची नांगरट होय. लोकांस शास्त्रकथा स्वभाषेत कळावी म्हणून फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ रचिले. ते १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले. आत्मपरीक्षण करून मगच ही भाकर खावी, असे संत पौलाने करिंथकरांस बजाविले आहे. १९६४ पासून ख्रिस्तशरीरापूर्वीचा उपवास एका तासावर आला. त्यायोगे देहाची तयारी सुलभ झाली, मनाची नव्हे. म्हणून पालकहो, शनिवारी रात्री मुलांसह उद्याचे शुभवर्तमान वाचा. आणि बालमित्रहो, कोणाशी वैर असल्यास ते त्याच रात्री मिटवा.